विमानाची फायरवॉल आणि पावण्यांचा आहेर

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना आग विझवायची नसते. त्यांच्याकडे तपासणीला साहेब येणार असतात. मग ते घाईघाईने येतात आणि म्हणतात, "भिंतीवर दिसंल असं कायतरी द्या." एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी आग विझवायचा सिलिंडर दुसऱ्या रंगात मिळेल का म्हणून विचारलं होतं, कारण लाल रंग स्टेजच्या मोतिया पडद्यांशी जात नव्हता. एका खानावळीत आम्ही बसवून दिलेला सिलिंडर मी पुढच्या वर्षी तपासायला गेले, तर तो भिंतीवर नव्हता. भटारखान्याचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावलेला होता. ते काम तो उत्तम करत होता, म्हणून मीही काही बोलले नाही. फक्त दुसरा बसवून आले.

मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका लहानशा कंपनीत काम करते. आग विझवायची साधनं विकायची, भरून द्यायची, आणि कारखान्यांत जाऊन कुठे काय पेटू शकतं ते बघून सांगायचं, असं कामाचं स्वरूप. इंजिनिअरिंग संपल्यावर पुण्याला जायचं ठरेपर्यंत म्हणून लागले होते. ते अजून ठरायचं आहे. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी मी नेमकं काय करते हे कोणालाच नीट माहीत नाही. आई पाहुण्यांना "ती सेफ्टीत आहे" असं सांगते, आणि मग कोणीतरी सीसीटीव्ही कॅमेऱ्याचा भाव विचारायला मला फोन करतं.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे मला मराठीतून भांडता येत नाही, आणि इंग्रजीतून भांडायला समोर कोणी नसतं. एकंदरीत मी गप्प असते. या धंद्यात ते खपून जातं. गप्प उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात काहीतरी हिशोब चालू आहे असं गिऱ्हाइकाला वाटतं. बोलायचं काम आमचे मालक जाधव सर करतात. ते माझ्या वाटणीचंही बोलतात.

विमानाचा फोन त्यांनीच घेतला होता. फोन ठेवून ते मला म्हणाले, "जयसिंगपूरकडं एकजण इमान करायला लागलाय. इंजिन प्याटू नये म्हणून काय करायचं इचारतोय. तुला जमतंय का बघ." मी म्हटलं, वाचून बघते. "वाच," ते म्हणाले. "मी व्हय म्हणून सांगितलंय."

भूपालअण्णा मगदूम जयसिंगपूरजवळच्या एका गावचे. पंपाचे सुटे भाग ओतायची त्यांची फाउंड्री आहे. ती मुलाच्या हाती दिल्यावर आता करायचं काय, असा प्रश्न पडला. या वयात लोक भजनाला लागतात. अण्णांनी परदेशातून नकाशे मागवले, पोल्ट्रीचं रिकामं शेड झाडून घेतलं आणि स्टीलच्या नळ्या जोडायला बसले. मी पहिल्यांदा गेले तेव्हा विमान जवळजवळ तयार होतं. दोन माणसांचं, पांढरंशुभ्र. पंख अजून भिंतीला टेकवून ठेवलेले. दुपारी पत्रे तापले की शेडला कोंबड्यांचा वास यायचा, आणि त्या वासात अण्णा फार गंभीरपणे "पंखाखालचा हवेचा दाब" वगैरे समजावून सांगायचे.

विमान उडवायला सरकारी परवानगी लागते. ती यायची आहे. माझ्या निवृत्तीपर्यंत ती येईल अशी आशा आहे. पण दसऱ्याला विमान शेडबाहेर काढायचं, पूजा करायची, इंजिन सुरू करायचं आणि शेतातल्या मुरमाच्या पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाकांवर फिरवायचं, एवढं अण्णांनी पक्कं केलं होतं. शेजारच्या सीटवर त्यांच्या पत्नी, सुजातावहिनी, बसणार होत्या. म्हणून तर आम्हाला बोलावलं होतं. "मी एकटा असतो तर जळलो तरी चाललं असतं," अण्णा म्हणाले. "पर ही बसणार हाय."

आता थोडं धंद्याचं.

विमानाचं नाक म्हणजे एक बंद डबा. त्यात तापलेलं इंजिन, त्याहून तापलेल्या धुराच्या नळ्या, पेट्रोल, ऑइल आणि विजेच्या वायरी. मुद्दाम आग लावायची म्हणून कोणी सामान गोळा केलं असतं तरी याहून वेगळं काही आणलं नसतं. आणि या डब्याला अगदी चिकटून, मागच्या बाजूला, दोन माणसांचे पाय.

रस्त्यात गाडीचं बॉनेट पेटलं तर आपण गाडी बाजूला घेतो, उतरतो आणि व्हिडिओ काढतो. विमान बाजूला घेता येत नाही. आग लागल्यापासून चाकं जमिनीला लागेपर्यंत जो वेळ जातो, तेवढा वेळ तरी आगीने पुढच्या डब्यातच थांबायला हवं. म्हणून डबा आणि माणसं यांच्यामध्ये पत्र्याची एक भिंत असते. तिला फायरवॉल म्हणतात. ती ॲल्युमिनियमची चालत नाही, पेट्रोलच्या जाळापुढे ॲल्युमिनियम लोण्यासारखं जातं. स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा मात्र त्या जाळात पाव तास उभा राहतो.

अण्णांचा पत्रा चांगला होता. पत्र्याची काळजी नसतेच, काळजी भोकांची असते. ॲक्सिलरेटरची केबल, वायरी, पेट्रोलचा पाइप, सगळं त्या भिंतीला भोक पाडून आत येतं, आणि प्रत्येक भोकात रबराची चकती. आग लागली की सगळ्यात आधी रबर जळतं. म्हणजे भिंत शाबूत राहते आणि दारं उघडतात. आम्ही रबर काढून स्टीलच्या चकत्या बसवल्या, कडेने न जळणारं लाल सीलंट भरलं, आणि पेट्रोलच्या पाइपांवर काचेच्या धाग्याच्या केशरी बाह्या चढवल्या. सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे पेट्रोल बंद करायचा कॉक. तो अण्णांनी इंजिनाशेजारीच ठेवला होता. म्हणजे आग लागली की आगीत हात घालून बंद करायचा. तो आम्ही आत, सीटवरून हाताला येईल असा घेतला.

अण्णा या कॉकवर नाराज होते. हॉटेलच्या स्वयंपाकघरात लावतात तो आपोआप फुटणारा लाल गोळा त्यांना पाहिजे होता. "दोन बसवा," म्हणाले, "एक फुटला न्हाय तर दुसरा." मी हळू आवाजात सांगितलं की विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या वाऱ्याने गोळ्यातली पावडर उडून जाईल, आणि पेट्रोल चालूच राहिलं तर विझलेली आग परत पेटेल. आधी पेट्रोल बंद, बाकीचं सगळं नंतर. जाधव सर माझ्याकडे बघत होते. दोन गोळे विकायचे सोडून गिऱ्हाइकाला फुकटच्या कॉकाचं महत्त्व पटवून देणारी नोकर त्यांनी स्वतःच ठेवली होती.

दसऱ्याच्या अलीकडच्या आठवड्यात शेवटची पाहणी करायला आम्ही गेलो. विमानाचं दार उघडून आत वाकले आणि मला फायरवॉल दिसेना.

फायरवॉलच्या जागी मरून रंगाचं रेक्झिन होतं. शंकरपाळ्यांची शिवण, प्रत्येक शंकरपाळ्याच्या टोकाला सोनेरी बटण. हात लावला तर खाली बोटभर जाड फोम. पाय ठेवायच्या जागेपासून डॅशबोर्डपर्यंत पूर्ण भिंत मढवलेली. पुढे जाऊन इंजिनाच्या बाजूने पाहिलं, तर पत्र्यातून स्क्रूची टोकं बाहेर आलेली. मी जेवढी भोकं बुजवून गेले होते, त्याच्या दुप्पट नवीन.

"हे काढावं लागेल," मी म्हणाले. कोणी ऐकलं नाही. जाधव सर तोवर बटणांचं कौतुक करत होते.

"हे काढावं लागेल," मी पुन्हा म्हणाले.

अण्णांनी शेडच्या दाराकडे बघितलं, मला खुणेने मागच्या बाजूला नेलं आणि अगदी हळू विचारलं, "काय काढायचं म्हंतासा?"

ते काम वहिनींच्या धाकट्या भावाचं होतं. सुकुमार. जयसिंगपुरात त्यांचं कुशनचं दुकान आहे. आमच्या भागात नवी गाडी शोरूममधून देवळात जाते आणि देवळातून कुशनवाल्याकडे. नंबरप्लेट सवडीने येते. तेव्हा बहिणीच्या घरात विमान तयार होतंय म्हटल्यावर सुकुमार सामान घेऊन आले, एकटे आत बसून त्यांनी सगळं शिवलं, चिकटवलं, आणि बहिणीला आहेर केला.

आणि हा आहेर परत करता येणार नव्हता, कारण याआधी एक परत गेला होता. ती गोष्ट अण्णांनी मला पोल्ट्रीच्या मागे, खताच्या पोत्यांआड उभं राहून सांगितली. त्यांच्या मुलीच्या लग्नात सुकुमारनी अण्णांना भारीतला पॅन्टपीस केला होता. आहेरात आलेले पॅन्टपीस कोणी शिवत नाही. ते कपाटात राहतात आणि पुढच्या लग्नात पुढे जातात. हाही गेला. कोणाकडून कोणाकडे हे आता सांगता येत नाही, पण फिरत फिरत तो एका वास्तुशांतीत खुद्द सुकुमारांच्याच हातात आला. त्यांनी घडी उलगडली, आणि आतल्या कोपऱ्यात त्यांनीच पेनने घातलेली खूण निघाली. त्यानंतर मेहुणे-मेहुण्यांचं बोलणं बंद. राखीपौर्णिमेला वहिनी एकट्या माहेरी जाऊन यायच्या. कितीतरी वर्षांनी या विमानाच्या निमित्ताने सुकुमारनी उंबरा ओलांडला होता.

"आता त्येंनी केल्यालं परत काढू?" अण्णा म्हणाले. "त्यापेक्षा प्याटू दे की."

ते थट्टेत बोलले असावेत असं समजायचा मी प्रयत्न केला.

चहा घेऊन सुजातावहिनी आल्या. मला वाटलं त्यांच्याशी बोलणं सोपं जाईल. तर त्यांनी सांगितलं की कुशन त्यांनीच मागून घेतलं होतं. "इंजिनाचा आवाज लई येतोय म्हणतात. म्हणून भावाला सांगितलो, आवाज आत येऊ नये असं कायतरी कर." (आमच्याकडे बायकाही 'आलो-गेलो'च म्हणतात.) मग थोडं थांबून म्हणाल्या, "हे शेडात शिरल्यापास्नं घरात बोलायला माणूस न्हाय. म्हटलो, इमानात तरी शेजारी बसतील. कुठं पळून जातील तिथनं?"

परतीच्या वाटेवर गाडी जाधव सर चालवत होते. हातकणंगल्याच्या पुढे म्हणाले, "फोम न प्याटणारा हाय म्हणत होते अण्णा. चालून जाईल काय?"

चालणार नव्हतं. पातळ पत्रा जाळ अडवतो, उष्णता अडवत नाही. पुढून जाळ लागला की तो लाल होतो, आणि मागून त्याला जे काही चिकटलेलं असेल ते करपायला लागतं. रेक्झिन, फोम आणि ते चिकटवायचं सोल्युशन. एका बंद खोक्यात, दोन माणसांच्या गुडघ्यांपाशी. आगीने भिंत ओलांडायची गरजच नाही. धूर आतच तयार होणार. हे सगळं मी गाडीत मनातल्या मनात फार छान मांडलं. पण भूपालअण्णांपुढे मांडता येईना, आणि मांडलं असतं तरी पॅन्टपीसपुढे ते टिकलं नसतं.

म्हणून मी सुकुमारांना फोन केला. त्यांचं काम फार सुंदर झालंय असं म्हटलं, आणि ते खरं होतं. तपासणीसाठी एक नमुना लागेल असं म्हटलं, तेही खरं होतं. तसाच पत्रा पाठवते, त्यावर तुमच्याच हाताने तसंच कुशन चिकटवून द्या.

"टेस्टिंगला काय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"करा की. बिनधास्त करा. पर मी येणार बघायला."

दोन दिवसांनी अण्णांच्या फाउंड्रीच्या अंगणात आम्ही जमलो. ओतकामाचं भांडं तापवायचा मोठा गॅस बर्नर त्यांच्याकडे होताच. लोखंडी चौकटीत नमुन्याचा पत्रा उभा केला, एका बाजूला नागडा, दुसऱ्या बाजूला मरून कुशन. सुकुमार इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी नमुन्यालाही सोनेरी बटणं लावली होती. कामगार जेवणाची सुट्टी अलीकडे ओढून भोवती उभे राहिले. वहिनी खुर्ची घेऊन बसल्या. अण्णा कोणाकडेच बघत नव्हते.

आधी सुकुमारनी सगळ्यांचा ताबा घेतला. खिशातून लायटर काढला, कुशनच्या एका कोपऱ्याला धरला आणि म्हणाले, "बघा. ह्यो साधा फोम न्हवं. प्याटतोय का? न्हाय प्याटत. लावा अजून." खरोखर तो पेटत नव्हता. कोपरा थोडा काळा झाला एवढंच. कामगारांत कौतुकाची कुजबुज झाली. जाधव सर माझ्याकडे असं बघू लागले की आता गाडी काढू का.

"आता पलीकडून," मी म्हणाले. बर्नर मीच धरला.

जाळ उघड्या पत्र्यावर धरला. सुकुमार मुद्दाम कुशनच्या बाजूला जाऊन उभे राहिले, हाताची घडी घालून. पत्रा आधी निळा झाला, मग मधोमध तांबडा. पलीकडून पहिल्यांदा वास आला, चपलांच्या दुकानाला आग लागल्यासारखा. मग शंकरपाळे फुगले. एक बटण गळून पडलं, मग दुसरं. रेक्झिनला मधून भेग गेली आणि तिच्यातून पिवळट, जाड धूर बाहेर आला. जळणाऱ्या वस्तूचा धूर वर जातो, हा आडवा सरकत होता. सुकुमार दोन पावलं मागे गेले, मग चार. ते खोकायला लागले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अंगण उघडं, वर आभाळ, वारा वाहता, तरी माणसं पांगली. वहिनींनी पदर नाकाला लावला, पण खुर्ची सोडली नाही.

मी बर्नर बंद केला. धूर अजून येतच होता. जाधव सरांनी त्यावर पाण्याची बादली ओतली.

सुकुमार डोळे पुसत पत्र्याच्या माझ्या बाजूला आले. वाकून बघितलं. मागे जाऊन बघितलं. परत पुढे आले.

"पत्रा तर फुटला न्हाय."

"नाही," मी म्हणाले. "पत्रा पास झाला."

"मग जाळ आत आला कुठनं?"

मला उत्तर माहीत होतं, पण ते इंग्रजीत होतं. तेवढ्यात वहिनी खुर्चीवरूनच म्हणाल्या, "आरं, जाळ तव्याच्या वर असतोय व्हय? भाकरी कशी भाजती मग?"

कोणी हसलं नाही. सुकुमार करपलेल्या कुशनकडे बघत उभे राहिले. मग अण्णा पुढे आले. इतकी वर्षं शेडात घालवलेला तो माणूस मेहुण्यांच्या जवळ गेला आणि म्हणाला, "पावणं, मी सांगतो काय करायचं. कुशन काढायचं न्हाय. इमान जाग्यावरच ऱ्हाऊ दे. इंजिन चालू करायचंच न्हाय. संध्याकाळी आत बसून चा पिऊया सगळी. बसायला झ्याक झालंय."

ते थट्टा करत नव्हते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. दसऱ्याची पूजा, मुरमाची पट्टी, ते पांढरं विमान, सगळं त्यांनी एका वाक्यात शेडात परत ढकललं होतं, एक पॅन्टपीस दुसऱ्यांदा परत जाऊ नये म्हणून.

सुकुमारनी नाक ओढलं. "दाजी," ते म्हणाले, "आक्का बसणार हाय त्यात. माझ्या हातनं तिला धुरात कोंडू व्हय?"

अण्णांनी खाली पडलेलं एक बटण उचललं.

"आनि ह्या बारीला तुमी परत देत न्हाईसा," सुकुमार म्हणाले. "मी माझं काढून नेतोय. कोण इचारलं तर असंच सांगायचं."

"असंच सांगतो," अण्णा म्हणाले.

त्याच दुपारी सुकुमार विमानात शिरले. इस्त्रीचा शर्ट काढून, बनियनवर. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते. रेक्झिन निघालं, फोमही निघाला, पण सोल्युशन निघेना. त्यांनी ते इतकं मन लावून लावलं होतं की पत्र्यावरून घासून काढताना आतून शिव्या ऐकू यायला लागल्या. "कुठल्या गाढवानं लावलंय रे हे," असंही एकदा ऐकू आलं. अण्णा बाहेरून बॅटरी धरून उभे होते आणि दर थोड्या वेळाने विचारत होते, "पावणं, पाणी देऊ का?" त्या दोघांत इतकं बोलणं कित्येक वर्षांत झालं नसेल, असं वहिनी मला म्हणाल्या.

मला एक गोष्ट अजून खटकते. ती शिवण मी पाहिलेल्या सगळ्या शिवणींत सुंदर होती. रेषा एका मापात, बटणं एका ओळीत, कोपरे असे वळवलेले की जोड सापडू नये. आमच्या धंद्यात चांगली कामं काढून टाकायला सांगावी लागतात, आणि वाईट कामं बहुतेक वेळा चालून जातात, कारण ती पेटत नाहीत.

पुढचं काम सोपं होतं. स्क्रूची भोकं स्टीलच्या रिव्हेटने बंद केली. भट्टीला आतून लावतात ती सिरॅमिकची पांढरी गादी अण्णांच्या गोदामात पडून होती. तिचा एक पातळ थर फायरवॉलला इंजिनाच्या बाजूने लावला आणि वरून पत्र्याने झाकला. आतली बाजू उघडी ठेवली. सुकुमारांना काहीतरी करायचंच होतं, म्हणून आम्ही त्यांना न पेटणारं कापड आणून दिलं, सीटची कव्हरं शिवायला. कापड करड्या रंगाचं होतं. ते बघून त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांना कफन शिवायला सांगितलंय. "बटणं चालतील?" त्यांनी विचारलं. धातूची असतील तर चालतील म्हटलं. मग जरा जीव आला.

दसऱ्याला विमान शेडबाहेर निघालं. आता पंख लागले होते आणि ते खरंच विमानासारखं दिसत होतं. मी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त बोलले. कापूर लांब, त्या झाडापाशी. पंख्याला घातलेला झेंडूचा हार सुरू करायच्या आधी काढायचा. इंजिनावर लिंबू-मिरची नको, आत कुठेही नको. वहिनींना मी सुती साडी नेसायला सांगितलं होतं. त्या सुती इरकल नेसून आल्या आणि पदर कमरेला घट्ट खोचून सीटवर बसल्या. भटजींना मी विमानाकडे पाठ करून आरती ओवाळायला लावली असं जाधव सर अजून सगळ्यांना सांगतात. तसं नव्हतं, थोडं तिरकं उभं केलं होतं.

मग अण्णांनी इंजिन सुरू केलं. मी सिलिंडर घेऊन बाजूला उभी होते, वाऱ्याच्या उलट अंगाला. इंजिनाच्या आवाजाची कल्पना मला पुस्तकावरून होती. ती चुकीची होती. शेडचे पत्रे थरथरले, पलीकडच्या उसातून बगळे उठले, आणि सुकुमारनी दोन्ही हात कानांवर ठेवले. आत, अगदी उघड्या पत्र्याच्या मागे, वहिनी अण्णांकडे तोंड करून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. विमान पट्टीवरून हळूहळू निघालं. मी धुराकडे, कॉकाकडे, नाकाच्या खालच्या कडेकडे बघत होते. कुठेही काही गळलं नाही. त्या टोकाला वळून ते परत आलं, तेव्हाही वहिनींचे ओठ हलतच होते. आता हातवारेही होते. अण्णा समोर बघत मान डोलवत होते.

इंजिन बंद झालं. सगळ्यात आधी सुकुमार धावले.

"आक्का, काय ऐकू आलं का गं आत?"

"काय सुदीक न्हाय."

सुकुमारनी माझ्याकडे एक नजर टाकली. मग बहिणीला म्हणाले, "हेडफोन मिळतात. माईक असतोय त्येला. मी आणून देतो दोघास्नी."

"नगं," वहिनी म्हणाल्या.

त्या उतरल्या, पदर सोडला, आणि सिलिंडर घेऊन उभ्या असलेल्या माझ्यापाशी आल्या. चेहरा लाल झाला होता. मला वाटलं आत उष्णता पोचली. मी विचारलं, त्रास झाला का.

"त्रास कसला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लग्न झाल्यापास्नं ह्यांना जे जे सांगायचं हुतं, सगळं सांगितलो. काय म्हणून ठेवलो न्हाय. मधी एकदा शिवी पण घातलो."

"मग ते काय म्हणाले?"

"मान हलवत हुते की. व्हय, व्हय."

तेवढ्यात अण्णा आले. केस उभे राहिलेले, कानात अजून शिट्ट्या वाजत असाव्यात, कारण ते नेहमीपेक्षाही मोठ्याने बोलत होते. कसं वाटलं, त्यांनी वहिनींना विचारलं.

"बरं वाटलं," वहिनी म्हणाल्या. "परत कवा काढतासा?"